सगळ्यांनी पाचपैकी पाच दिले, आता मूल्यमापन कसं करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो काउंटीत एका लहान संस्थेत तुम्ही काम करता. वर्षातून आठ शनिवारी लॅटिनो, म्हणजे मेक्सिको आणि इतर लॅटिन अमेरिकी देशांतून आलेल्या, कुटुंबांना सान होआकिन नदीच्या काठी, मिलरटन तलावावर, एखाद्या वेळी योसेमिटीला नेता. ६४ कुटुंबं, मुलं ९ ते १५ वयाची, बहुतेक आईवडील द्राक्षमळ्यांत नाहीतर पॅकिंग शेडमध्ये कामाला. सहलीनंतरच्या फॉर्मवर जवळजवळ सगळ्यांनी पाचपैकी पाच दिलेत. निधी देणाऱ्यांना मात्र ‘मुलांचं निसर्गाशी नातं वाढलं’ याचा पुरावा हवाय. हाताशी ४,००० डॉलर आणि सात-आठ महिने आहेत. कोणती प्रश्नावली वापरू, असं तुम्ही विचारलंय.

प्रश्नावलीकडे शेवटी येऊ. खरी अडचण तिथे नाही. ‘नातं वाढलं’ म्हणजे नक्की काय झालं, हे संस्थेत कोणी ठरवलेलंच नाही, आणि ते ठरवल्याशिवाय कुठलीही प्रश्नावली पाचपैकी पाचच देणार. जेवायला बोलावलेल्या पाहुण्याला पंगतीतच ‘कसं झालं जेवण?’ विचारलं तर तो ‘छान’ सोडून दुसरं काय सांगणार? तुमचा फॉर्म नेमकं हेच करतो. फुकट बस, फुकट डबा, मुलं खूश, आणि फॉर्म हातात देणारी ताई समोर उभी. लॅटिनो संस्कृतीत समोरच्याचं मन न दुखावता गोडीनं वागण्याला ‘सिम्पातिया’ म्हणतात. सर्वेक्षणवाल्यांनी त्याचा उत्तरांवर होणारा परिणाम १९८०च्या दशकापासून अभ्यासलाय. होकार देण्याकडे आणि मोजपट्टीचं टोक निवडण्याकडे कल दिसतो, आणि अमेरिकेत जितकी वर्षं जास्त जातात तितका तो ओसरतो. म्हणून तुमच्या मुलांचे आकडे शेजारच्या इंग्रजी बोलणाऱ्या शाळेच्या आकड्यांशेजारी ठेवू नका. तो फरक निसर्गाचा नसून फॉर्म भरण्याच्या रीतीचा असू शकतो.

दुसरी गोष्ट आणखी मुळातली आहे. ‘निसर्गाशी जोडणे’ या शब्दांत आधी ते तुटलेले होते हे गृहीत आहे. मेक्सिकोतल्या मिचोआकान किंवा वाहाका राज्यातल्या गावातून आलेली आई नोपाल (निवडुंग) सोलते, एपासोते आणि मान्सानिया या वनस्पती ओळखते, आजीबरोबर मिल्पात, म्हणजे घरच्या शेतात, मका-घेवडा लावून मोठी झालेली असते. तिला ‘तुम्हाला निसर्गाबद्दल आपुलकी वाटते का?’ विचारलं तर पहिल्याच दिवशी उत्तर शिगेला असतं, वर जायला जागाच नसते. बरं, जी आठवडाभर उन्हात वेली छाटते तिच्या दृष्टीनं ‘काम्पो’ (रान, शिवार) म्हणजे कामाचं ठिकाण. ऊसतोड कामगाराला उसाच्या फडाची सहल घडवण्यासारखं होऊ नये, इतकं भान शब्द निवडताना हवं. मुलांची गोष्ट वेगळी. ती इथे जन्मलेली, अपार्टमेंटमध्ये वाढलेली. तेव्हा आईसाठी आणि मुलासाठी एकच अपेक्षित बदल लिहू नका. आईच्या बाबतीत बहुधा मुद्दा ओढीचा नसतो. गाडी, वेळ, माहिती, भीती यांतलं काहीतरी आडवं येत असतं, आणि तुमच्या कार्यक्रमानं त्यातलं काय हललं हे बघायचं.

म्हणून अशा कार्यक्रमात मी एकच मुख्य माप धरते: तुमची बस नसताना घरचे स्वतःहून पुन्हा बाहेर गेले का? बाकी सगळं त्याच्या पाठीमागे. हे माप प्रत्येक कार्यक्रमाला लागू नाही, हे आधीच सांगते. तुमचा हेतू मुलांना उन्हाळी नोकरीपर्यंत नेण्याचा असेल, किंवा वस्तीत नवीन बाग व्हावी म्हणून लोकांना नगरपालिकेत बोलतं करण्याचा असेल, तर माप बदलेल. तुमच्या वर्णनावरून मात्र हेतू कुटुंबाच्या सवयीचा दिसतो.

हे माप नीट बांधायला व्याख्या घट्ट लागते. घरातलं किमान एक मोठं माणूस आणि एक मूल, घराबाहेर झाडं-पाणी-मोकळी जागा असलेल्या ठिकाणी, सलग अर्धा तास तरी, मजुरीच्या कामासाठी नाही आणि तुमच्या संस्थेच्या सहलीत नाही. इतकं जुळलं की एक फेरी. यात शहरातल्या बागेत मांस भाजून केलेलं जेवण, म्हणजे कार्ने आसादा, बसते, कालव्याच्या कडेनं चालणं बसतं, मामाच्या परसातला मका लावणंही बसतं. निधी देणाऱ्यांच्या डोक्यातलं चित्र पाठीवर सॅक टाकून डोंगर चढणाऱ्या दोघांचं असतं, आणि वीस जणांचं कुटुंब शेगडी घेऊन झाडाखाली बसलं की ते त्यांना ‘निसर्ग’ वाटत नाही. हा मोजण्यातला पक्षपात आहे. व्याख्या लिहून त्यांच्याकडून सुरुवातीलाच मान्य करून घ्या, निकाल आल्यावर नाही.

प्रश्न आठवणीवर अवलंबून असल्यानं ‘सहसा किती वेळा जाता?’ असं कधी विचारू नका. ‘सहसा’चं उत्तर म्हणजे माणसाला स्वतःबद्दल जे वाटतं ते. ‘गेल्या चार शनिवार-रविवारी’ असं बांधून विचारा, आणि एकेक आठवडा मागे न्या: परवाच्या रविवारी कुठे होतात? त्याच्या आधीच्या? ठिकाणाचं नाव, कोण कोण, कसे गेलात, किती वेळ. नाव सांगता आलं तरच फेरी धरायची. तुम्ही नेलेल्या ठिकाणी ते परत गेले का, हे वेगळ्या रकान्यात. आणि गेले नसतील तर का, हे मोकळं विचारायचं. पेट्रोल, गाडी एकच, शिफ्ट, ऊन, धूर, ‘पैसे लागतील वाटलं’, ‘तिथे अधिकारी असतात’. हा शेवटचा रकाना बहुतेक वेळा अख्ख्या मूल्यमापनातला सगळ्यात उपयोगी निघतो, कारण पुढच्या वर्षी काय बदलायचं ते तिथेच असतं.

आता ऋतू. फ्रेझ्नोत जानेवारीत टूले धुकं, म्हणजे खोऱ्यात साचणारं दाट धुकं, असतं, कोणी कुठे जात नाही. मेमध्ये सगळे बाहेर. जानेवारीत विचारलं, मेमध्ये पुन्हा विचारलं आणि फेऱ्या दुप्पट झाल्या, तर श्रेय तुमचं की हवेचं? जुलैत पारा ३८ अंशांच्या वर, ऑगस्ट-सप्टेंबरला बेदाण्याच्या द्राक्षांची काढणी, त्याच सुमारास वणव्यांचा धूर, डिसेंबरात बरीच कुटुंबं मेक्सिकोला जाऊन ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणानंतर परततात. ‘आधी-नंतर’ची तुलना या कॅलेंडरवर हमखास फसते. फसते ती दोन्ही बाजूंनी: वसंतात कार्यक्रम फुकट हुशार दिसतो, सप्टेंबरात फुकट नापास.

यावर तुमच्या आवाक्यातला उपाय आहे. नाहीतरी ६४ कुटुंबांना तुम्ही एकाच बसमध्ये बसवू शकत नाही. मग चिठ्ठ्या टाकून ३२ कुटुंबांना फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच्या चार सहली द्या, उरलेल्या ३२ ना शरदातल्या चार. मेच्या शेवटी, उकाडा वाढायच्या आधी, एकाच पंधरवड्यात दोन्ही गटांना फोन करा. हवा दोघांना सारखी, फरक फक्त सहलींचा. ‘आधी नाव देईल त्याला आधी’ ही पद्धत इथे घातक ठरते, कारण आधी नाव देणाऱ्यांकडे गाडी असते, वेळ असतो, उत्साह असतो. त्यांच्या फेऱ्या तशाही जास्त. चिठ्ठ्या उघड्यावर, सगळ्यांसमोर टाका आणि दुसऱ्या गटाच्या तारखा त्याच दिवशी लिहून द्या, नाहीतर ‘आम्हाला डावललं’ ही भावना राहते. आणि बहिणी, कोमाद्रे (मुलांच्या धर्ममाता, घरच्यासारख्या मैत्रिणी), चुलत घरं यांची एकच चिठ्ठी करा. एका बहिणीला नेलं की ती पुढच्या रविवारी दुसरीलाही घेऊन जाते. ते चांगलंच, पण तुमचा फरक पुसला जातो.

दुसऱ्या गटाला सहल मिळणारच नसेल, किंवा वस्तीतल्या लोकांना चिठ्ठ्या पटत नसतील, तर हा आराखडा सोडा. विश्वास, ज्याला तिकडे ‘कोन्फियान्सा’ म्हणतात, तो कमवायला तुमच्या संस्थेला वर्षं लागली असतील. एका अहवालासाठी तो पणाला लावण्यासारखा नाही. मग गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा, आणि अहवालात ‘हा बदल आमच्यामुळेच’ असं न लिहिता ‘बदल दिसला’ एवढंच लिहा.

संख्येचा हिशेब आधीच करून ठेवा, नंतर हिरमोड होत नाही. समजा मेमध्ये सहल झालेल्या ३२ पैकी १८ कुटुंबं स्वतःहून गेली आणि न झालेल्या ३२ पैकी १०. म्हणजे ५६ टक्के विरुद्ध ३१ टक्के, २५ अंकांचा फरक. दिसायला केवढा मोठा! पण इतक्या लहान गटांत चूक-भूल साधारण २३-२४ अंकांची असते, म्हणजे हा फरकही जेमतेम तरतो. याहून लहान फरक आला तर ‘परिणाम नाही’ असं म्हणता येत नाही, ‘६४ कुटुंबांत दिसण्याइतका मोठा नाही’ असं म्हणता येतं. दोन वर्षांचे गट एकत्र केले की चित्र सुधारतं, म्हणून या वर्षीचा प्रश्न पुढच्या वर्षी शब्दशः तोच ठेवा.

आकडे यापेक्षाही जास्त बिघडतात ते गळतीनं, म्हणजे काही घरांकडून उत्तरच न मिळाल्यानं. समजा मेमध्ये ६४ पैकी ४० जणांनीच फोन उचलला आणि त्यातली २२ कुटुंबं स्वतःहून गेली होती. अहवालात पटकन लिहिलं जातं ‘५५ टक्के’. पण न उचलणाऱ्या २४ पैकी कोणीच गेलं नसेल तर खरा आकडा ३४ टक्के, आणि सगळे गेले असतील तर ७२. ३४ ते ७२ या अंतरात कुठलाही निष्कर्ष बसवता येतो. म्हणून पैसे आणि तास नवीन प्रश्नांवर न घालवता ४० चे ५५ करण्यावर घालवा. नाव नोंदवतानाच दोन नंबर घ्या, आईचा आणि एखाद्या मावशीचा किंवा आजीचा, कारण प्रीपेड फोनचे नंबर बदलत राहतात. फोन संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी दुपारी करा. छाटणी-काढणीचा दिवस पहाटे सुरू होतो, रात्री नऊला कोणी जागं नसतं. व्हॉट्सॲपवर आधी आवाजी निरोप, मग फोन, आणि तीन प्रयत्न वेगवेगळ्या वारी. मजकुरापेक्षा आवाजी निरोपाला उत्तर जास्त येतं, आणि वाचता न येणाऱ्यालाही तो चालतो.

फोन कोणी करायचा, हा नाजूक भाग. अनोळखी आवाज आला तर लोक बोलत नाहीत, ओळखीची प्रोमोतोरा आली तर तिचं मन राखतात. प्रोमोतोरा म्हणजे वस्तीतलीच, वस्तीसाठी काम करणारी बाई, आपल्याकडच्या आशाताईच्या जवळपासची. मी हे काम दोघींत वाटते. पहिला निरोप प्रोमोतोराचा, ‘अमुक ताई तुम्हाला दहा मिनिटं फोन करेल, ती आपलीच आहे’. प्रश्न विचारणारी दुसरी, जी सहलीला कधी आलेली नाही. आणि तिचं पहिलं वाक्य असं काहीसं: बऱ्याच घरांना जायला जमलं नाही, आम्हाला दोन्ही ऐकायचं आहे. ‘न जाणं’ हे साधं, सामान्य उत्तर आहे असं कानावर पडलं की लोक खरं सांगतात.

भाषेबद्दल. तुमचं स्पॅनिश कामचलाऊ आहे असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा भाषांतर स्वतः करू नका आणि यंत्रावरही सोडू नका. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, तिसऱ्यानं दोघांना समोर बसवून एकेक वाक्य ठरवायचं. उलट भाषांतर करून, म्हणजे मजकूर पुन्हा इंग्रजीत आणून, ताडून बघायची पद्धत प्रसिद्ध आहे, पण ती चूक पकडते, अवघडलेपण पकडत नाही. त्यापेक्षा पाच-सहा आयांना प्रश्न वाचून दाखवा आणि विचारा, ‘इथे तुम्हाला काय विचारलंय, तुमच्या शब्दांत सांगा’. तेव्हा कळतं की ‘पार्के’ म्हटलं की काहींच्या डोळ्यांसमोर फक्त झोपाळे येतात आणि नदीकाठ त्यात बसत नाही. ‘नातुरालेसा’ (निसर्ग) हा शाळेतला शब्द वाटतो. पायी भटकंतीसाठी ‘सेंदेरिस्मो’ म्हटलं तर स्पेनचा वाटतो, ‘कामिनाता’ घरचा. ‘आकाम्पार’ म्हणजे उघड्यावर मुक्काम, आणि सीमेजवळचं वाळवंट पायी ओलांडलेल्या माणसाला त्या शब्दानं सुट्टी आठवेलच असं नाही. आईवडिलांना ‘उस्तेद’, मुलांना ‘तू’. आपल्या ‘तुम्ही’ आणि ‘तू’सारखंच हे, आणि चुकलं तर खटकतंही तसंच.

सगळी कुटुंबं स्पॅनिश बोलतात हेही गृहीत धरू नका. तुमच्या सेंट्रल व्हॅलीत मिश्तेको, सापोतेको, त्रिकी या मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या भाषा बोलणारी बरीच घरं आहेत. त्यांचं स्पॅनिश तुमच्याइतकंच कामचलाऊ असू शकतं, आणि मिश्तेको मुख्यतः बोलली जाते, लिहिली-वाचली जात नाही. तिथे छापील फॉर्म भाषांतरित करून काही हाती लागत नाही. दुभाषी आणि तोंडी मुलाखत हाच रस्ता. मिश्तेकोच्या बोलीही गावागणिक बदलतात, म्हणून दुभाषी ठरवताना ‘कुठल्या गावची मिश्तेको?’ हे विचारून घ्या. नावाच्या बाबतीत एक छोटी गोष्ट: ‘लॅटिनो’चं लिंगनिरपेक्ष रूप असलेला ‘लॅटिनेक्स’ हा शब्द अहवालात चालेल, घरी चालेलच असं नाही. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२० च्या पाहणीत स्वतःसाठी तो वापरणारे लॅटिनो प्रौढ फक्त ३ टक्के होते. लोक स्वतःला मेहिकानो, साल्वादोरेन्यो, वाहाकेन्यो काय म्हणवतात ते विचारा आणि तेच लिहा.

काय विचारायचं नाही, याची यादी जास्त महत्त्वाची. इमिग्रेशनची स्थिती नाही. जन्मस्थान नाही, कारण त्यावरून स्थितीचा अंदाज बांधता येतो. घराचा पत्ता नाही, झिप कोड (तिकडचा पिन कोड) पुरतो. हजेरीपट कोर्टाच्या आदेशानं मागवला जाऊ शकतो, तेव्हा जे गोळाच केलं नाही ते द्यावंही लागत नाही. प्रत्येक कुटुंबाला एक क्रमांक द्या. क्रमांक आणि नाव जोडणारी यादी वेगळ्या फाइलमध्ये, एकाच व्यक्तीकडे, आणि अहवाल झाला की नष्ट. मुलांनी काढलेल्या फोटोंत जागेचे निर्देशांक दडलेले असतात, ते पुसून मगच साठवा. घराजवळची झाडा-प्राण्यांची निरीक्षणं आयनॅचरलिस्ट या नोंदींच्या संकेतस्थळावर टाकत असाल तर स्थळ झाकण्याची सोय चालू ठेवा. विद्यापीठाबरोबर काम असेल तर त्यांच्या नीतिमत्ता समितीची परवानगी लागेल. मुलांच्या बाबतीत पालकांची परवानगी आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही वेगवेगळे घ्यायचे असतात. सहीऐवजी तोंडी परवानगी चालेल का, हे समितीला आधीच विचारा. कागदावर सही म्हटलं की काही घरं तिथेच थांबतात.

गिफ्ट कार्ड देणार असाल तर त्यातली मेख बघून घ्या. काही हिशेब विभाग २० डॉलरच्या कार्डासाठीही सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे कागदपत्रं नसलेल्यांकडे नसणारा सरकारी ओळख क्रमांक, मागतात. तसं असेल तर कार्डाऐवजी किराणा पिशवी द्या किंवा कार्डांची एकगठ्ठा नोंद मंजूर करून घ्या, पण आधी. कार्ड देताना आयत्या वेळी नंबर मागण्यापेक्षा काहीच न दिलेलं बरं.

भीतीचा मुद्दा आकड्यांत कसा शिरतो, हेही लक्षात ठेवा. २०२५ च्या जूनपासून लॉस एंजेलिस परिसरात इमिग्रेशनच्या धाडी वाढल्या. ७ जुलैला तर केंद्रीय एजंट आणि नॅशनल गार्डचे जवान थेट मॅकआर्थर पार्कमध्ये उतरले, जिथे आजूबाजूची वस्ती मध्य अमेरिकेतून आलेल्या लोकांची आहे. अशा महिन्यात हजेरी निम्म्यावर आली तर ते कार्यक्रमाचं अपयश नव्हे. हजेरीपटाच्या शेजारी एक साधी नोंदवही ठेवा: तारीख, तापमान, धूर, काढणी, वस्तीत धाडीची अफवा, बस उशिरा. दहा सेकंदांचं काम, पण वर्षअखेरीस आलेखातला प्रत्येक खड्डा तीच समजावते. त्याच कारणानं, पार्क रेंजर येणार असेल तर ओळख आधीच करून द्या. हिरवा गणवेश बघून बॉर्डर पेट्रोल, म्हणजे सीमेवरचं गस्ती दल, आठवणारे लोक असतात, आणि त्या दिवशीचे फॉर्म मग गप्प-गप्प येतात.

हजेरीतली एक नेहमीची फसगत. ‘वर्षात ४८० सहभागी’ असं लिहिलं जातं, आणि खोलात गेलं तर तीच वीस घरं पुन्हा पुन्हा आलेली असतात. डोकी वेगळी, हजेऱ्या वेगळ्या मोजा. कुटुंब क्रमांक असला की हे आपोआप निघतं. त्यातून एकदाच येऊन न परतलेल्या घरांची यादी काढा आणि त्यांच्यातल्या आठ-दहा जणांशी आधी बोला. पाचपैकी पाच देणाऱ्यांपेक्षा ती जास्त शिकवतील.

आता मुलांची प्रश्नावली, जिच्यासाठी तुम्ही लिहिलं होतं. १४ वाक्यांची, १६ वाक्यांची अशा तयार मोजपट्ट्या आहेत. चेंग आणि मन्रो यांची २०१२ ची १६ वाक्यांची पट्टी फ्लोरिडातल्या चौथीच्या मुलांवर तयार झाली आणि बरीच वापरली जाते. पण तुमच्याकडे ६४ घरं आणि चार सहली आहेत, तिथे १६ वाक्यं म्हणजे मुलांची दमछाक. मी वर्तुळांची चित्रं वापरेन. वेस्ली शुल्ट्झ यांनी २००२ मध्ये मांडलेली ही पद्धत एका मिनिटाची आहे: दोन वर्तुळं, एकात ‘मी’, दुसऱ्यात ‘निसर्ग’, सात चित्रांत ती एकमेकांपासून दूर असण्यापासून पूर्ण एकमेकांत मिसळण्यापर्यंत. मूल स्वतःला पटेल त्या चित्राला गोल करतं. वाचन कमी लागतं, दोन भाषांत सहज होतं. नऊच्या खालच्या भावंडांना देऊ नका, ती सुंदर दिसतं म्हणून शेवटचं चित्र निवडतात. हे चित्र फेब्रुवारीतल्या पहिल्या सहलीपूर्वी आणि नंतर मेमध्ये, दोन्ही गटांना द्या. परतीच्या बसमध्ये देऊ नका. तिथे मुलं झोपलेली असतात किंवा उलट्या करत असतात, आणि पेन बसच्या खड्ड्यानुसार चालतं.

वर्तुळांतून फार मोठी अपेक्षा ठेवू नका. चार शनिवारांत मुलाचं उत्तर एका चित्रानंही पुढे सरकेल असं मला वाटत नाही. ते दाखवायला आहे, आधार घ्यायला फेऱ्यांचं माप आहे. ‘आता मागे वळून सांगा, आधी तुम्हाला कसं वाटायचं?’ ही पद्धतही लोक सुचवतील. ती कौशल्यांसाठी ठीक: ‘मिलरटनला कुठल्या रस्त्यानं जायचं, किती पैसे लागतात, हे आधी माहीत होतं का? आता आहे का?’ भावनांसाठी नाही, कारण मन राखणारी माणसं ‘आधी’चा आकडा मुद्दाम खाली ओढतात.

तेरा ते पंधरा वयाच्या पोरांना चेहऱ्यांचे स्टिकर दाखवू नका, ती हसतील. त्यांना प्रत्येकी पाच फोटो काढू द्या: ‘माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर जिथे मला बरं वाटतं’ आणि ‘जिथे जायला मला नको वाटतं’. मग सहा-आठ जणांच्या गटात प्रत्येकानं एका फोटोबद्दल बोलायचं. फोटोव्हॉइस म्हणतात ती हीच रीत, १९९०च्या दशकापासून सार्वजनिक आरोग्यात रुळलेली. चेहरे आणि घराचे क्रमांक फोटोत नकोत, हे सुरुवातीलाच सांगा. यातून बहुधा कचऱ्यानं भरलेला कालवा, बंद फाटक, सावली नसलेला बसथांबा बाहेर येतो. निधी देणाऱ्यांना हे ‘निसर्गाशी नातं’ वाटणार नाही, पण ज्या अडचणीमुळे ती घरं स्वतःहून बाहेर जात नाहीत ती याच चित्रांत असते.

फोनशिवाय वागणुकीचे दोन फुकट पुरावे मिळतात. चौथीतल्या मुलांना मिळणारा एव्हरी किड आउटडोर्स पास १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट चालतो आणि त्यावर बहुतेक ठिकाणी गाडीतल्या सगळ्यांना केंद्रीय उद्यानांत फुकट प्रवेश मिळतो. योसेमिटीला एका गाडीमागे ३५ डॉलर लागतात हे लक्षात घेतलं तर हा मोठा दिलासा. किती घरांनी पास काढला आणि किती जणांनी तो फाटकावर दाखवला, हे दोन वेगळे प्रश्न विचारा. काढला पण वापरला नाही, अशी घरं भरपूर निघतील, आणि मग अडचण पैशाची नव्हती हे कळेल. दुसरा, सार्वजनिक वाचनालयातून पुस्तकासारखा घरी नेता येणारा कॅलिफोर्निया स्टेट पार्कचा पास. तो कुणाच्या नावावर गेला हे वाचनालय सांगणार नाही, सांगूही नये. पण तुमच्या भागातल्या शाखेतून महिन्याला किती वेळा गेला हा आकडा मागायला हरकत नाही.

४,००० डॉलर मी असे वाटेन. मेच्या फोनसाठी ६४ घरांना २० डॉलरप्रमाणे १,२८०. फोन करणाऱ्या दोघींचे मिळून ४० तास, तासाला २५ धरून १,०००. मिश्तेको दुभाष्याचे दहा तास, ६०० धरा. भाषांतर आणि ते तपासणं ४००. दोन गटचर्चा, जेवण आणि मुलं सांभाळणारीसकट ३०० प्रमाणे ६००. उरले १२०, छपाई आणि फोनचा रिचार्ज. दर तुमच्याकडे वेगळे असतील, पण प्रमाण बघा: निम्म्याहून जास्त पैसा लोकांना गाठण्यावर जातोय, विश्लेषणावर शून्य. इतक्या आकड्यांना एक्सेल पुरतं. गटचर्चेत मुलं सांभाळायला कोणी ठेवलं नाही तर फक्त मुलं मोठी झालेल्या आया येतील, आणि तुमचा कार्यक्रम लहान मुलांच्या घरांसाठी आहे.

निकाल आला की पहिली बैठक निधी देणाऱ्यांबरोबर घेऊ नका, कुटुंबांबरोबर घ्या. भिंतीवर तीन-चार मोठे आकडे लावा आणि विचारा, हे असं का झालं असेल? ‘मेमध्ये फेऱ्या कमी का?’ याचं उत्तर तुम्ही दोन आठवडे शोधाल, एखादी आई दोन वाक्यांत देईल: त्या महिन्यात पॅकिंग शेडमध्ये शनिवारीही काम होतं. हे कळलं की पुढच्या वर्षीच्या सहली रविवारी ठेवता येतात.

शेवटी फॉर्मचा प्रश्न. निधी देणाऱ्यांच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये फक्त टक्क्यांचा रकाना असेल तर टक्के भरा, पण खालच्या मोकळ्या चौकटीत ‘३२ पैकी १८, सहल न झालेल्या गटात ३२ पैकी १०, फोन लागला ६४ पैकी इतक्यांना’ असं पूर्णांकात लिहा. आणि पाचपैकी पाचवाले जुने फॉर्म फेकू नका. त्यांच्या मागच्या बाजूला ‘आणखी काही सांगायचंय?’ खाली कोणी काही लिहिलं असेल तर तेवढं वाचून काढा. ‘पाणी कमी पडलं’, ‘आजीला चढ झेपला नाही’ अशा ओळी तिथे सापडतात, पुढे सगळे पाच असूनही.